अवतारांची नोकरभरती

मे २००७ मध्ये टीएमपी वर्ल्डवाइड या अमेरिकी भरती-संस्थेनं एक नोकरमेळावा भरवला. हेवलेट-पॅकार्ड, मायक्रोसॉफ्ट, व्हेरायझन, सोडेक्सो अशा तालेवार कंपन्या त्यात उतरल्या होत्या. मेळाव्याचं ठिकाण होतं ‘सेकंड लाइफ’ हे संगणकावरचं जग. उमेदवार आपापल्या घरी, अधिकारी आपापल्या कचेरीत, आणि दोघांच्या वतीनं पडद्यावर दोन अवतार समोरासमोर. पुढच्याच महिन्यात ‘वॉल स्ट्रीट जर्नल’मध्ये याचा वृत्तान्त आला आणि त्यातला एक किस्सा नंतर पुष्कळ फिरला. एका उमेदवाराला अधिकाऱ्याच्या हाती बायोडेटा द्यायचा होता. कळ चुकली आणि त्याच्या अवतारानं बिअर पुढे केली.

किस्सा गमतीचा आहे, पण तो सांगून लोक तिथंच थांबतात. आभासी जगातल्या नोकरभरतीचा विषय निघाला की ऐकणारा एक तर हसतो नाहीतर भारावून जातो. हसणाऱ्याला तो पोरखेळ वाटतो, भारावलेल्याला उद्याची दुनिया. गेल्या दोनेक दशकांत पोरखेळ भरपूर झाला आणि उद्याची दुनिया दोनदा येऊन परत गेली. त्यापलीकडे जे घडलं त्याविषयी मराठीत फारसं वाचायला मिळत नाही. पुढच्या प्रकरणांआधी हा लांबलेला प्रपंच मांडायचं कारण तेवढंच.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. बड्या कंपन्या आभासी जगात गेल्या त्या आपली मुलाखतीची खोली, टेबलखुर्च्या आणि कोट-टाय बरोबर घेऊन गेल्या. त्यांच्या हाती फारसं काही लागलं नाही. त्याच जगांत मुक्काम ठोकून असलेल्या लोकांनी मात्र स्वतःच्या गरजेपोटी माणूस पारखण्याच्या रीती बसवल्या, आणि त्या इतक्या कसून बसवल्या की कुठल्याही मनुष्यबळ विभागानं त्यांच्याकडे जाऊन शिकावं.

आधी सेकंड लाइफविषयी. सॅन फ्रान्सिस्कोच्या ‘लिंडेन लॅब’ या कंपनीनं ते जून २००३ मध्ये लोकांना खुलं केलं. संस्थापक फिलिप रोझडेल. याला खेळ म्हणावं तर जिंकण्या-हरण्यासारखं त्यात काहीच नाही. जमीन घ्यायची, घर बांधायचं, कपडे शिवून विकायचे, गाण्याचा कार्यक्रम लावायचा, गप्पा मारायच्या, नाहीतर नुसतं हवेत उडत हिंडायचं. तिथलं चलन लिंडेन डॉलर, आणि ते बाजारात खऱ्या डॉलरांवर मोडून मिळे. २००७ च्या सुमाराला भाव डॉलरला २७० लिंडेनच्या आसपास होता. मे २००६ मध्ये ‘बिझनेसवीक’च्या मुखपृष्ठावर ॲन्शी चंग ही तिथली जमीनदारीण झळकली. खऱ्या आयुष्यात ती म्हणजे चीनमध्ये जन्मलेली आणि जर्मनीत राहणारी आयलिन ग्रेफ. वर्ष संपायच्या आत तिनं आपली आभासी मालमत्ता दहा लाख डॉलरांच्या वर गेल्याचं जाहीर केलं. मग काय, रीघच लागली. ऑक्टोबरात रॉयटर्सनं तिथं वार्ताहर बसवला. नोव्हेंबरात आयबीएमचे प्रमुख सॅम पामिसानो अवतार धारण करून आपल्या लोकांना भेटले. पुढच्या वर्षीच्या मेमध्ये मालदीव आणि स्वीडन या देशांनी आभासी वकिलाती उघडल्या. त्याच सुमाराला गार्टनर या सल्लागार संस्थेनं भाकीत केलं, की २०११ अखेरपर्यंत इंटरनेटच्या सक्रिय वापरकर्त्यांपैकी ८० टक्के लोकांचं असं एखादं दुसरं आयुष्य असेल.

अशा वातावरणात भरती करणारी मंडळी मागे कशी राहतील? मॅनपॉवर कंपनीनं २००७ मध्येच तिथं आपलं बेट घेतलं. बेट म्हणजे तिथला जमिनीचा ठोक तुकडा, २५६ मीटर लांब आणि तितकाच रुंद. किंमत १,६७५ डॉलर आणि वर दरमहा २९५ डॉलर देखभाल. गरिबाला हा खर्च झेपणारा नव्हता, पण दहा विद्यापीठांत दहा अधिकारी पाठवून, त्यांना हॉटेलात उतरवून मेळावे घेण्यापेक्षा तो कितीतरी कमी होता. शिवाय वर्तमानपत्रं फुकट जाहिरात करत होती. माझ्या मते त्या मेळाव्यांतला निम्मा उद्देश हाच होता. ‘आम्ही जुनाट नाही’ हे पंचविशीतल्या प्रोग्रॅमरला कळवायचं होतं, आणि ते कळवायला एक बातमी पुरेशी होती. जागा भरल्या तर तो वरचा फायदा.

प्रत्यक्ष मुलाखत कशी व्हायची हे मात्र बारकाईनं बघण्यासारखं आहे.

उमेदवार आधी नाव नोंदवी. इथंच पहिली गंमत. सेकंड लाइफमध्ये तेव्हा पहिलं नाव मनासारखं घेता येई, पण आडनाव कंपनीनं दिलेल्या यादीतूनच निवडावं लागे. म्हणजे ज्याची मुलाखत घ्यायची त्याचं पडद्यावरचं नाव एक, अर्जावरचं दुसरं, आणि अधिकाऱ्याजवळ दोन्हींची सांगड घालणारा तक्ता. मग नवख्याला ‘ओरिएंटेशन’च्या बेटावर चालणं, वळणं, उडणं, बसणं शिकावं लागे. नवा अवतार सगळ्यांना मिळतो तशा ठरावीक कपड्यांत येई, आणि तसल्या कपड्यांत कुणी दिसला की जुने रहिवासी त्याला लगेच नवशिक्या म्हणून ओळखत. म्हणून कोट मिळवणं आलं. कोट विकत मिळे, फुकटच्या दुकानांतही मिळे, पण तो अंगात घालायचा कसा हे कळायला वेळ लागे. पुष्कळांचा पहिला कोट अंगाऐवजी खोक्याच्या रूपानं हाताला चिकटे, कारण तिथं घेतलेला माल खोक्यात येतो आणि खोकं आधी जमिनीवर ठेवून उघडायचं असतं.

ठरल्या वेळी उमेदवार दूरप्रवासाच्या दुव्यावर टिचकी मारून कंपनीच्या बेटावर उतरे. समोर काचेची इमारत, स्वागतकक्ष, फलक. सगळं हुबेहूब खऱ्या कचेरीसारखं. जिथं पाऊस पडत नाही तिथं छप्पर, जिथं सगळे उडू शकतात तिथं जिना! खुर्चीवर बसायचं तर खुर्चीवर टिचकी मारून ‘बसा’ निवडायचं. ते जमलं नाही तर माणूस टेबलावर उभा राही, नाहीतर अधिकाऱ्याच्या डोक्यावरून तरंगत जाई. बोलणं बहुतेक टंकलेखी. आवाजाची सोय सरसकट मिळाली ती त्या वर्षीच्या उन्हाळ्यात, आणि नंतरही पुष्कळांनी टंकणंच पसंत केलं. टंकताना अवतार दोन्ही हात पुढे करून हवेतल्या कळफलकावर बोटं चालवतो आणि टकटक आवाज येतो. अधिकारी प्रश्न टंकणार, मग उमेदवाराचे हात हलू लागणार, थांबणार, पुन्हा हलणार. उत्तर लिहून खोडलं हे समोरच्याला दिसे. काय खोडलं ते मात्र दिसत नसे.

आणि काही मिनिटं कळ दाबली नाही की अवताराची मान आपोआप खाली पडते, डोक्यावर ‘दूर’ अशा अर्थाची पाटी येते. लांबलचक प्रश्न वाचत, मन लावून विचार करत बसलेला उमेदवार समोरच्याला पेंगलेला दिसे. प्रत्यक्षात जो गुण मानतात, विचार करून बोलणं, तो इथं अवगुणासारखा दिसू लागला. जलद टंकणारा, यंत्राशी दोस्ती असलेला पुढे जाणार हे उघड होतं. सॉफ्टवेअरची नोकरी असेल तर एक वेळ चाललं. पण त्या मेळाव्यातली सोडेक्सो ही जेवणखाण आणि इमारतींच्या देखभालीच्या कामात असलेली कंपनी. तिला टंकण्याचा वेग घेऊन काय करायचं होतं?

आता अवताराच्या रूपाकडे येऊ. आभासी मुलाखतीच्या बाजूनं सर्वांत जोरात मांडला गेलेला मुद्दा असा, की इथं वंश, वय, लिंग, अपंगत्व काहीच दिसत नाही, त्यामुळे निवड न्याय्य होईल. मुद्द्याला पूर्वाधार होता. अमेरिकेतल्या मोठ्या वाद्यवृंदांनी १९७०-८० च्या दशकांत वादकाला पडद्याआड बसवून परीक्षा घ्यायला सुरुवात केली. क्लॉडिया गोल्डिन आणि सिसिलिया राउस या अर्थतज्ज्ञांनी २००० मध्ये त्याचा अभ्यास प्रसिद्ध केला आणि पडद्यामुळे स्त्रियांच्या निवडीची शक्यता वाढल्याचं दाखवलं. पण वाद्यवृंदाचा पडदा कोरा असतो. अवतार कोरा नसतो. तो एक शरीर झाकतो आणि दुसरं पुढे करतो. अमेरिकी कंपन्या खटल्याच्या धास्तीनं बायोडेटावरचा फोटोसुद्धा नको म्हणतात, आणि इथं तर उमेदवारानं आपला आख्खा देह निवडून, रंगवून, नटवून आणायचा! त्यानं गोरा रंग घेतला तर का घेतला, सावळा ठेवला तर का ठेवला, कोल्ह्याचं तोंड लावलं तर काय समजायचं? (प्राण्यांचे अवतार घेणारे तिथं थोडेथोडके नव्हते.) निवडलेलं रूप हेही मग उमेदवाराचं एक उत्तर ठरतं आणि अधिकारी त्याला मनातल्या मनात गुण देतो.

त्यातही एक आतला पेच. स्टॅनफर्डचे निक यी आणि जेरेमी बेलेन्सन यांनी २००७ मध्ये काही प्रयोग प्रसिद्ध केले. ज्यांना उंच अवतार दिला ते पैशाच्या वाटाघाटीत जास्त ताठर वागले. ज्यांना देखणा अवतार दिला ते अनोळखी माणसाच्या अधिक जवळ जाऊन उभे राहिले आणि स्वतःविषयी जास्त मोकळेपणी बोलले. अवतार चिठ्ठी उचलावी तसा दैवानं मिळाला होता, तरी वागणं बदललं. याला त्यांनी प्रोटियस या रूप पालटणाऱ्या ग्रीक देवाचं नाव दिलं. मुलाखतीच्या दृष्टीनं याचा अर्थ फार अडचणीचा आहे. पगाराची बोलणी चालू असताना उंच अवतारामागचा माणूस दोन हजार डॉलर जास्त मागेल आणि ठेंगण्या अवतारामागचा मुकाट ‘चालेल’ म्हणेल. न्यायाचा पडदा म्हणून आणलेली वस्तू स्वतःच तराजूत जाऊन बसते.

पुढची कहाणी झटकन सांगता येते. मे २००८ मध्ये त्याच गार्टनरनं सांगितलं, की कंपन्यांचे दहातले नऊ आभासी प्रकल्प अठरा महिन्यांत बंद पडतात. मग मंदी आली आणि भरतीच थांबली. रॉयटर्सनं गाशा गुंडाळला. जून २०१० मध्ये लिंडेन लॅबनं स्वतःची ३० टक्के माणसं कमी केली. सेकंड लाइफ बुडालं मात्र नाही. ते आजही चालू आहे, नफ्यातोट्याच्या बातम्यांपासून दूर, आपल्या जुन्या रहिवाशांसह.

या सगळ्या काळात कंपन्यांच्या बेटांवर घडलेली सर्वांत जिवंत घटना भरतीची नव्हतीच. २७ सप्टेंबर २००७ रोजी आयबीएमच्या इटलीतल्या कर्मचाऱ्यांनी पगाराच्या वादावरून सेकंड लाइफमधल्या कंपनीच्या बेटांवर निदर्शनं केली. तीस देशांतले १,८०० च्या वर अवतार फलक घेऊन जमले. त्यांत केळ्याच्या वेषातले होते, त्रिकोणी आकाराचेही होते. व्यवस्थापनानं तिथं अधिकारी, सभागृहं, फलक सगळं नेलं होतं. कामगारांनी मागोमाग संप नेला.

आता माझ्या दृष्टीनं जिथं मुख्य विषय सुरू होतो तिकडे वळतो.

सेकंड लाइफमध्ये नोकऱ्या होत्याच, पण त्या तिथल्याच: नाचघरातली यजमानीण, गाणी लावणारा डीजे, दुकान सांभाळणारा, इमारती बांधून देणारा, वस्तूंना हालचाल देणारी छोटी संगणकी संहिता लिहिणारा. अर्ज एका ‘नोटकार्ड’वर. नाव, किती महिने इथं आहात, कुठल्या वेळी हजर राहू शकता, आधी कुठं काम केलंय, मालकाला विचारलं तर चालेल का. मुलाखत खासगी संदेशात, आणि लगेच संध्याकाळी दोन तास चाचणी. पगार बहुधा ग्राहकांनी दिलेल्या बक्षिशीतून. खरं नाव कुणी विचारत नसे. यजमानीण लोकांना हसवते का, गर्दी टिकवते का, न सांगता गायब होत नाही ना, एवढं पुरे. बिअर हातात दिली म्हणून इथं कुणी नापास झालं नसतं; नाचघरात ते कामच होतं.

याहून खालची पायरी म्हणजे ‘कॅम्पिंग’च्या खुर्च्या. तिथं जागा किती गजबजलेली आहे यावर शोधयादीतला क्रम ठरे, म्हणून दुकानदार लोकांना नुसतं बसून राहण्याचे पैसे देत. दहा मिनिटांना दोन-तीन लिंडेन हा नेहमीचा दर. हिशेब केला तर तासाला सात सेंटही पडत नाहीत. तरी खुर्च्या भरलेल्या असत. नवीन आलेल्याला कोट घ्यायला तेवढेच पैसे! पुढे माणसांऐवजी स्वयंचलित बाहुले बसू लागले आणि २००९ मध्ये लिंडेन लॅबनं गर्दी फुगवण्याच्या असल्या यंत्रणेवर बंदी घातली.

पण भरतीची खरी शाळा बघायची असेल तर ‘इव्ह ऑनलाइन’मध्ये जावं लागतं. आइसलंडच्या सीसीपी कंपनीचा हा अंतराळातला खेळ मे २००३ मध्ये सुरू झाला. त्यात सगळे खेळाडू जवळजवळ एकाच विश्वात असतात आणि त्या विश्वात कायदा फारच थोडा. खेळाडू मिळून ‘कॉर्पोरेशन’ काढतात, खाणी चालवतात, जहाजं बांधतात, कर बसवतात, लढाया करतात. सामाईक कोठारात महिनोन्‌महिन्यांच्या कष्टाचा माल असतो. आणि फसवणूक, हेरगिरी, विश्वासघात हे सगळं खेळाच्या नियमांत बसतं. चोरी झाली म्हणून कंपनीकडे तक्रार केली तर कंपनी लक्ष घालत नाही.

याचं जगप्रसिद्ध उदाहरण २००५ मधलं. ‘गायडिंग हँड सोशल क्लब’ नावाच्या भाडोत्री टोळीला उबिका सेराफ या कॉर्पोरेशनच्या प्रमुखाचा काटा काढायची सुपारी मिळाली. टोळीची माणसं साधे उमेदवार म्हणून तिथं भरती झाली. त्यांनी काम केलं, विश्वास कमावला, बढत्या घेतल्या. एक जण तर प्रमुखाच्या उजव्या हाताच्या जागेवर पोचला. वर्षभराच्या तयारीनंतर एके दिवशी इशारा मिळाला, प्रमुखाचं जहाज उडवलं गेलं आणि सगळी कोठारं रिकामी झाली. लुटीची किंमत तेव्हाच्या भावानं खऱ्या १६,५०० डॉलरांच्या घरात सांगितली गेली. एकही नियम मोडलेला नव्हता. चार वर्षांनी, फेब्रुवारी २००९ मध्ये, ‘बँड ऑफ ब्रदर्स’ ही खेळातली बलाढ्य युती तिच्याच एका संचालकानं शत्रूला सामील होऊन एका रात्रीत विसर्जित करून टाकली. त्याच्या हुद्द्याला तेवढा अधिकार होता, बस्स.

अशा विश्वात माणूस घेणं म्हणजे जिवाशी गाठ. म्हणून इव्हमधले भरती-अधिकारी जे करत ते आपल्याकडच्या जुन्या पद्धतीच्या स्थळाच्या चौकशीसारखं होतं. आधी कुठं होतास, किती दिवस, का सोडलंस, त्या लोकांना विचारलं तर ते काय सांगतील, इथलं कोण तुला ओळखतं. वशिला हवाच, आणि वशिला लावणाऱ्याची अब्रूही पणाला. मग उमेदवाराकडून त्याच्या खात्याची ‘एपीआय’ किल्ली मागत. ती मिळाली की बाहेरच्या माणसाला त्या पात्राची शिल्लक, देवघेवी, कौशल्यं, आलेली-गेलेली पत्रं सगळं वाचता येई. शत्रूच्या खात्यातून कधी पैसे आलेत का? एका माणसाच्या दोन-तीन पात्रांपैकी एखादं विरुद्ध पक्षात आहे का? नोंदी फारच स्वच्छ असतील तर त्याचाही संशय. त्यानंतर आवाजी संभाषण, आणि निवड झाली तरी कित्येक महिने कोठाराची चावी नाही. उमेदवारानं दिलेल्या उत्तरांना यात सर्वांत कमी वजन होतं, हे मला फार मोलाचं वाटतं. गुळगुळीत उत्तर कुणीही देऊ शकतो. देवघेवींची वर्षभराची नोंद खोटी रचायला वर्षच घालवावं लागतं.

याची दुसरी बाजूही तितकीच खरी. कुणाची पत्रं वाचून त्याला कामावर घ्यायचं ही रीत खेळाबाहेर आली तर ती भयंकर ठरेल, आणि ती बाहेर यायला वेळ लागणार नाही. पुढं एक अख्खं प्रकरण यावर आहे, म्हणून इथं वाढवत नाही.

‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’मधल्या संघांची भरती इतकी संशयी नव्हती, पण शिस्त तिथंही कडक. २००४ च्या अखेरीस आलेल्या या खेळातल्या मोठ्या मोहिमांना चाळीस-चाळीस माणसं एकाच वेळी लागत. म्हणून अर्जात विचारत: आठवड्यातल्या कुठल्या रात्री मोकळे असता, इंटरनेट मध्येच तुटतं का, मागच्या संघात भांडण झालं होतं का. काही आठवडे उमेदवारी, मग कायम. एप्रिल २००६ मध्ये जॉन सीली ब्राउन आणि डग्लस थॉमस यांनी ‘वायर्ड’ मासिकात स्टीफन गिलेट या तरुण अधिकाऱ्याचं उदाहरण देऊन लिहिलं, की असा संघ चालवण्याचा अनुभव याहूमधल्या वरिष्ठ जागेसाठी त्याच्या पारड्यात पडला. हाच गिलेट पुढे स्टारबक्सचा माहिती-तंत्रज्ञान प्रमुख झाला. त्या लेखानंतर बायोडेटात खेळाचा उल्लेख करावा का यावर बराच काथ्याकूट झाला. माझं मत विचाराल तर चाळीस अनोळखी माणसांना रात्री साडेआठला एकत्र आणून अकरापर्यंत न भांडता काम करवून घेणारा माणूस मी डोळे मिटून घेईन.

पण त्याच खेळात दुसऱ्या टोकाला कोण होतं हेही विसरू नये. ज्युलियन डिबेल यांनी २००७ मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या मासिकात नानजिंगच्या सोनं-कमावणाऱ्या कामगारांविषयी लिहिलं. रोज रात्री बारा तास, आठवड्याचे सातही दिवस ते राक्षस मारून खेळातली नाणी गोळा करत; मजुरी तासाला सुमारे ३० अमेरिकी सेंट. ती नाणी शेवटी अमेरिकी-युरोपीय खेळाडूंकडे जात. एकाच माळावर एकाची करमणूक आणि दुसऱ्याची पाळी चालू. आभासी जगातल्या रोजगाराविषयी बोलताना मनोऱ्यावरच्या अवतारांकडेच बघत राहणं बरं नाही.

खेळ हाच गळ म्हणून वापरणाऱ्यांची एक वेगळी जात आहे. अमेरिकी लष्करानं ४ जुलै २००२ रोजी ‘अमेरिकाज आर्मी’ हा खेळ फुकट वाटायला सुरुवात केली आणि तो २०२२ पर्यंत चालवला. उद्देश उघडउघड सैन्यभरतीचा. ब्रिटनच्या जीसीएचक्यू या हेर-खात्यानं २००७ मध्ये व्हिडिओ खेळांतल्या भिंतींवर नोकरीच्या जाहिराती लावल्या. मॅरियट हॉटेलांनी जून २०११ मध्ये फेसबुकवर स्वयंपाकघर चालवण्याचा खेळ आणला आणि त्यात डोळ्यांसमोर ठेवलेल्या देशांत चीनबरोबर भारतही होता. यांना मी भरती म्हणणार नाही, पेरणी म्हणेन.

कोविडनंतर सगळं पुन्हा एकदा घडलं, शब्द नवे घेऊन. ऑक्टोबर २०२१ मध्ये फेसबुकनं मेटा हे नाव घेतलं आणि ‘मेटाव्हर्स’ प्रत्येक सादरीकरणात जाऊन बसला. ॲक्सेंचरनं ६० हजार हेडसेट मागवले आणि एका वर्षात दीड लाख नवे कर्मचारी ‘एन्थ फ्लोअर’ नावाच्या आभासी मजल्यावर रुजू करून घेण्याचा बेत सांगितला. टेक महिंद्रानं फेब्रुवारी २०२२ मध्ये मेटाव्हर्सच्या कामासाठी जी केंद्रं जाहीर केली त्यांत डॅलस, लंडन आणि हैदराबादबरोबर पुणंही होतं. वर्ष उलटायच्या आत मेटानं ११ हजार माणसांना घरी पाठवलं, आणि मार्च २०२३ मध्ये मायक्रोसॉफ्टनं आपलं अल्टस्पेस हे आभासी जग बंद केलं. २००७ ची पुनरावृत्ती म्हणून सोडून देता आलं असतं, पण या खेपेला दोन गोष्टी खरोखर वेगळ्या घडल्या.

एक म्हणजे ओळखीचा प्रश्न. सेकंड लाइफच्या मेळाव्यात ‘अवतारामागं नेमका कोण बसलाय?’ ही थट्टा होती. जून २०२२ मध्ये अमेरिकेच्या एफबीआयनं अधिकृत इशारा दिला, की घरबसल्या करायच्या नोकऱ्यांसाठी चोरलेली ओळख आणि संगणकानं घडवलेले नकली चेहरे-आवाज वापरून मुलाखती दिल्या जात आहेत. आपल्याकडच्या आयटी कंपन्यांना एकाच्या नावावर दुसऱ्यानं मुलाखत देण्याचा ताप आधीपासून ठाऊक होताच. आज व्हिडिओवर दिसणारा चेहराही अवतारच असू शकतो, म्हणजे आभासी मुलाखत नको म्हणणाऱ्याला आता व्हिडिओचाही आसरा उरलेला नाही. कंपन्या उमेदवाराला पुन्हा समोर बोलावू लागल्या तर नवल नाही. इव्हवाल्यांनी मात्र चेहऱ्यावर विसंबणं कधीच सोडलं होतं.

दुसरी गोष्ट रोब्लॉक्सची. या मुलांच्या लाडक्या जगाच्या कंपनीनं २०२३ च्या अखेरीस स्वतःच्याच जगात भरती-केंद्र उघडलं. इथं निदान काम आणि जागा यांचा मेळ आहे. ज्याला रोब्लॉक्स बांधायचंय त्याला रोब्लॉक्समध्ये वावरता आलं पाहिजे ही अपेक्षा रास्त आहे. त्याच्याही पुढचं पाऊल आयकेया या फर्निचर कंपनीनं टाकलं. जून २०२४ मध्ये तिनं रोब्लॉक्समध्ये दुकान उघडलं आणि ब्रिटन-आयर्लंडमधल्या प्रौढांकडून अर्ज मागवून त्यात काम करायला दहा माणसं घेतली, तासाला १३.१५ पौंड पगारावर. प्रचाराची युक्ती होती हे मान्य. पण नेमणूक खरी, पगार खरा, आणि काम म्हणजे दुकानात आलेल्या अवतारांना सोफा निवडायला मदत करणं. कॅम्पिंगच्या खुर्चीच्या सात सेंटांवरून तासाला तेरा पौंडांपर्यंत हा दर पोचायला सतरा वर्षं लागली, आणि तोही फक्त दहा जणांना मिळाला.

पुढच्या प्रकरणांत हा सगळा प्रवास क्रमानं येईल. क्रमानं वाचायची घाई नसेल तर इव्हचं प्रकरण आधी वाचा, मग कंपन्यांच्या बेटांकडे या. बेटांची भव्यता त्यामुळे योग्य मापात दिसेल. आणि एक विनंती. सेकंड लाइफमध्ये भाडं थकलं की बेट पुसलं जातं, त्यावरच्या इमारती आणि फलकांसकट. २००७ च्या मेळाव्यांची बहुतेक ठिकाणं अशीच गेली. महाराष्ट्रातल्या किंवा बाहेर असलेल्या ज्या कुणी मराठी माणसानं अशा जगात मुलाखत दिली असेल, घेतली असेल, संघात माणूस घेताना अर्ज चाळले असतील, त्यानं ते जुने संवाद आणि पडद्याची चित्रं पुसून टाकू नयेत. जपून ठेवावीत आणि जमल्यास लिहून काढावीत.